लोकप्रतिनिधींच्या कारकिर्दीला मर्यादा : सुधारणा की सुधारणेचा आभास?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शासकीय विद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय मुलांनीच सुचविला होता : 'खासदारांना दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येण्यास बंदी असावी.' अशा स्पर्धा आमच्याकडे बहुधा उपचार म्हणून पार पडतात. मुले घरून पाठ करून आणलेले म्हणतात, टाळ्या होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. त्या दिवशी मात्र एक निराळीच अडचण उभी राहिली. विषयाच्या बाजूने बोलावयास अकरा मुले तयार होती आणि विरोधात बोलावयास एकही नव्हते. अखेर वर्गशिक्षिकांच्या आग्रहावरून अकरावीतील एक मुलगी उठली. ती एका मराठी कुटुंबातली. तिचे आजोबा आणि मी एकाच वाचनालयाचे जुने सभासद.

तिचे भाषण फारसे रंगले नाही. आवाज बारीक, त्यात मधेच कागद हरवला. पण शेवटी तिने समोर पाहून दोन प्रश्न विचारले. "जुना माणूस गेला म्हणजे चांगला माणूस येईल, हे कशावरून? आणि त्या नव्या माणसाला आणणार कोण?" सभागृह क्षणभर शांत झाले. परीक्षक या नात्याने मी तिला पहिला क्रमांक देऊ शकलो नाही. परंतु ते दोन प्रश्न माझ्याबरोबर घरी आले आणि त्यांनी अद्याप माझी पाठ सोडलेली नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नांना उत्तर देण्याचा एका शिक्षकाचा प्रयत्न आहे. मी शासकीय सेवक आहे. कोणत्याही पक्षाची कड घेणे माझ्या अधिकारात नाही आणि माझ्या मनातही नाही.

मागणीमागची व्यथा

त्या अकरा मुलांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. आपल्या राज्यघटनेने लोकसभेच्या उमेदवाराला किमान २५ आणि राज्यसभेच्या उमेदवाराला किमान ३० वर्षे वयाची अट घातली आहे; परंतु कमाल वयाची अट नाही आणि किती वेळा निवडून यावे याचेही बंधन नाही. लोकसभेला पाच वर्षांची मुदत आहे, लोकसभेच्या सभासदाच्या कारकिर्दीला नाही. आम्हा शिक्षकांना ठरलेल्या वयात खडू खाली ठेवावा लागतो. मग देशाचे कायदे करणाऱ्यांनाच ही मोकळीक का, असा प्रश्न मुलांच्या मनात आला तर त्यात वावगे काय? शिवाय त्यांनी जे पाहिले ते आपणही पाहतोच. मतदारसंघ एक, घराणे एक. आधी वडील, मग मुलगा, मग सून वा पुतण्या. वतने कायद्याने खालसा झाली, पण वतनदारीची वृत्ती कायद्याला पुरून उरली.

ही इच्छा आजकालचीही नव्हे. प्राचीन अथेन्समधील पाचशे जणांच्या सभेत नागरिकाला एका वेळी एकच वर्ष बसता येई, आणि तेही उभ्या आयुष्यात दोनदाच. अमेरिकेतील तेरा राज्ये १७८१ साली ज्या करारनाम्याने एकत्र आली, त्यात कोणाही प्रतिनिधीने सहा वर्षांच्या अवधीत तीन वर्षांहून अधिक काळ सभासद राहू नये, असे कलम होते. १७८७ साली त्या देशाची नवी राज्यघटना लिहिली गेली तेव्हा ते कलम गळाले. पण त्यामागची भावना गळाली नाही.

व्यथा खरी आहे. पाहावयाचे एवढेच, की सुचविलेले औषध त्या व्यथेवरचे आहे का.

अमेरिकेतील प्रयोग

अमेरिकेत विद्यमान प्रतिनिधीला हरविणे किती कठीण, हे एका गोष्टीवरून कळेल. त्यांच्या राष्ट्रीय कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात पुन्हा उभे राहणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदहून अधिक सभासद बहुतेक निवडणुकांत परत निवडून येतात. या स्थितीला कंटाळून १९९० साली कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा या राज्यांतील मतदारांनी आपापल्या राज्य विधिमंडळांसाठी मुदतीची मर्यादा मंजूर केली. कॅलिफोर्नियाची मर्यादा सर्वांत कडक म्हणावी अशी होती. कनिष्ठ सभागृहात आयुष्यभरात सहा वर्षे आणि वरिष्ठ सभागृहात आठ. त्यानंतर त्या सभागृहाचे दार कायमचे बंद.

राष्ट्रीय प्रतिनिधींपर्यंत मात्र ही मर्यादा कधीच पोचली नाही. आर्कान्सास राज्याने १९९२ साली तसा प्रयत्न केला. पण १९९५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय घटनेने ठरविलेल्या पात्रतेत कोणत्याही राज्याला भर घालता येणार नाही. त्याच वर्षी घटनादुरुस्तीचा ठराव कनिष्ठ सभागृहात मतास आला. २२७ मते अनुकूल, २०४ प्रतिकूल. दोन तृतीयांश बहुमत हवे होते, ते मिळाले नाही. ज्यांनी मर्यादा घालून घ्यावयाची तेच मत देणारे, तेव्हा याहून निराळे काय व्हावयाचे?

राज्यांत मात्र प्रयोग चालू राहिला. आज १६ राज्यांच्या विधिमंडळांना मुदतीची मर्यादा आहे, आणि तिची फळे अभ्यासकांनी बारकाईने तपासली आहेत. नवे चेहरे आले, हे खरे. परंतु नव्या सभासदाला अंदाजपत्रक वाचता येऊ लागावे, खात्यांचे कामकाज उमगावे, तोच त्याची जाण्याची वेळ येऊ लागली. विधिमंडळाच्या हातून निसटलेली सत्ता मतदारांकडे गेली नाही. ती राज्यपालांकडे, जे तेथे निवडून येतात आणि कारभार हाकतात त्यांच्याकडे, तसेच कायम नोकरवर्गाकडे आणि जुन्या दलालांकडे सरकली. सभासदांचे लक्षही हातातल्या कामापेक्षा पुढच्या पदाकडे लागले. कॅलिफोर्नियाच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्षपद १९८० पासून १९९५ पर्यंत विली ब्राऊन यांच्याकडे होते आणि ही मर्यादा त्यांनाच डोळ्यांपुढे ठेवून आणली गेली, असे उघड बोलले जाई. ते सभागृहातून गेले आणि १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले. खुर्ची बदलली, बसणारे तेच.

विशेष म्हणजे ज्या मतदारांनी ही गाठ घट्ट बांधली, त्यांनीच ती पुढे सैल केली. कॅलिफोर्नियाने २०१२ साली आणि मिशिगनने २०२२ साली नियम बदलले. आता दोन्ही सभागृहे मिळून एकूण बारा वर्षे, आणि ती हवी तर एकाच सभागृहात काढता येतात.

हे वाचताना मला आमच्या खात्यातील बदल्यांची आठवण झाली. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या एका शाळेत पाच वर्षांत चार मुख्याध्यापक आले आणि गेले. प्रत्येकजण कपाटांच्या किल्ल्या ओळखू लागेपर्यंत त्याच्या बदलीचा हुकूम येई. या सगळ्यात न बदललेली व्यक्ती एकच, कार्यालयातील वरिष्ठ लिपिक. हळूहळू शिष्यवृत्तीची यादी त्यांच्या हाती गेली, मग खरेदी, आणि शेवटी शाळेचे वेळापत्रकही तेच ठरवू लागले. गृहस्थ वाईट नव्हते. पण पालक तक्रार घेऊन आले तर उत्तर देण्याची जबाबदारी त्यांची नव्हती. ज्याची होती त्याला काही ठाऊक नसे. माणसे भराभर बदलली म्हणजे सत्ता नाहीशी होत नाही. जिथे जाब विचारता येत नाही, अशा जागी ती जाऊन बसते.

मेक्सिको आणि फिलिपाइन्स

अमेरिकेने राष्ट्रीय पातळीवर जे केले नाही, ते तिच्या शेजारच्या मेक्सिकोने केले होते. तेथे पोर्फिरिओ दियास यांची प्रदीर्घ राजवट उलथून १९१० साली क्रांती सुरू झाली, ती पुनर्निवडीला विरोध याच घोषणेवर. पुढे १९३३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन राष्ट्रीय कायदेमंडळाच्या सभासदांना लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास बंदी झाली. वरवर पाहता याहून स्वच्छ व्यवस्था ती कोणती? दर तीन वर्षांनी कनिष्ठ सभागृह संपूर्ण नवे!

परिणाम काय झाला? सभासदाला पुन्हा मतदारांपुढे जावयाचेच नव्हते, त्यामुळे मतदाराला खूश ठेवण्याचे कारण उरले नाही. मुदत संपल्यावर पुढचे पद कोण देणार? पक्ष. साहजिकच त्याची निष्ठा पक्षाच्या श्रेष्ठींकडे वळली. व्यक्ती सतत बदलत राहिल्या आणि एकच पक्ष २००० सालापर्यंत राष्ट्राध्यक्षपद सोडता सोडीना. शेवटी २०१४ मध्ये घटना बदलून मेक्सिकोने पुनर्निवडीला मर्यादित परवानगी दिली. आणि २०२५ मध्ये पुन्हा घूमजाव करून २०३० पासून बंदी परत आणण्याचे ठरविले. सुमारे शंभर वर्षे एक देश या औषधाची मात्रा कमीअधिक करीत आहे, यावरूनच रोगनिदान कुठेतरी चुकले असावे, अशी शंका येते.

फिलिपाइन्सची कथा आपल्याला अधिक ओळखीची वाटेल. तेथील १९८७ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहाच्या सभासदाला लागोपाठ तीन, म्हणजे एकूण नऊ वर्षांच्या मुदती ठरवून दिल्या. मुदत संपली की सभासद घरी जातो आणि त्याची पत्नी उभी राहते. तिची संपली की मुलगा. मधल्या काळात मूळ गृहस्थ एखाद्या प्रांताचा वा शहराचा कारभार पाहतात आणि मग परततात. घराणेशाहीला आळा घालावा, असे त्याच घटनेत लिहिले आहे; पण घराणेशाही म्हणजे काय हे कायद्याने ठरवावे, असेही लिहिले आहे. तो कायदा ज्या सभागृहाने करावयाचा, त्या सभागृहातच ती घराणी बसलेली. पुढची तीन दशके तो कायदा झालाच नाही.

म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या दोन देशांनी देऊन ठेवले आहे. नव्या माणसाला आणणारा पक्ष असेल तर सत्ता पक्षाची. आणणारे घराणे असेल तर सत्ता घराण्याची.

आपल्या संसदेचे खरे दुखणे

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे चेहरे बदलत नाहीत, हा समज मुळातच तपासून घेण्यासारखा आहे. २०१४ साली लोकसभेत प्रथमच निवडून आलेले सभासद ३१५ होते. २०२४ साली ५४३ पैकी २८०. निम्म्याहून अधिक सभागृह दोन्ही वेळा नवे होते. आपला मतदार कुणाला घरी बसविताना फार मागेपुढे पाहत नाही. नव्या चेहऱ्यांनीच सुधारणा होत असती, तर एव्हाना ती व्हावयास हवी होती.

प्रत्यक्षात काय दिसते? पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसली. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेची सरासरी ५५ दिवसांवर आली. पंधराव्या लोकसभेत शेकडा ७१ विधेयके तपासणीसाठी समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत शेकडा १६. या सतराव्या लोकसभेच्या संपूर्ण कारकिर्दीत उपाध्यक्षाचे पद भरलेच गेले नाही. सभासदाने स्वतःहून मांडलेले विधेयक कायद्यात रूपांतरित झाल्याची शेवटची घटना १९७० सालची. आजवर अशी विधेयके अवघी १४.

यात भर पडली १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याची. 'आयाराम-गयाराम' प्रकार थांबावा, हा त्याचा हेतू निःसंशय चांगला होता. पण पक्षाचा आदेश मोडून मत दिल्यास सभासदत्व जाते, आणि हा आदेश सरकार टिकण्या-पडण्याच्या प्रसंगापुरता नसून कोणत्याही विधेयकावर निघू शकतो. मग सभासद पहिल्यांदा आलेला असो वा आठव्यांदा, बटण दाबण्यात त्याची अक्कलहुशारी ती किती कामी येणार?

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मार्मिक भेद दाखविला होता. राज्यकर्त्यांच्या जबाबदारीचा लेखाजोखा दोन प्रकारे घेतला जातो : मतदार तो ठरावीक मुदतीने घेतात, आणि संसदीय पद्धतीत सभागृहातील प्रतिनिधी प्रश्नांनी, ठरावांनी, चर्चेने तो रोजच्या रोज घेतात. यांतला रोजचा लेखाजोखा अधिक परिणामकारक मानला जातो, असे त्यांनी सांगितले होते. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे आपल्या विषयाचा गुंता पुष्कळसा सुटतो. सभागृह कमी बसले की रोजचा लेखाजोखा मंदावतो; मतदारापुढे खरी निवड उरली नाही की मुदतीचा लेखाजोखा पोकळ होतो. सभासदाच्या कारकिर्दीला मर्यादा घालून या दोहोंपैकी कोणता सुधारेल? मला तरी एकही दिसत नाही.

रोजचा लेखाजोखा घेण्यास अनुभव लागतो, आणि तो कसा घ्यावा हे पाहावयाचे तर मधु लिमये यांच्याकडे पाहावे. पुण्यात जन्मलेला हा मराठी माणूस बिहारमधील मुंगेर आणि बांका या मतदारसंघांतून चार वेळा लोकसभेवर गेला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे विशेष अप्रूप वाटावे. संसदेचे नियम त्यांना मुखोद्गत असत. एखादा प्रश्न, एखादी हक्कभंगाची सूचना यांनी ते मंत्र्यांना घाम फोडीत. हे कसब पहिल्या वर्षी येत नाही. आणि मुदत पाळणे म्हणजे काय, हेही त्यांनीच दाखवून दिले. १९७१ साली निवडलेल्या लोकसभेची पाच वर्षे १९७६ च्या मार्चमध्ये संपली. आणीबाणीत ती मुदत कायदा करून वाढविण्यात आली. लिमये तेव्हा आपल्या मध्य प्रदेशातील तुरुंगात होते. मतदारांनी आपल्याला पाच वर्षांसाठी निवडले, त्यापुढे बसण्याचा आपल्याला अधिकार नाही, या भूमिकेतून त्यांनी आणि जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनी राजीनामे दिले. किती वेळा निवडून यावे यापेक्षा मतदाराने दिलेल्या मुदतीपलीकडे एक दिवसही न बसणे, ही खरी मर्यादा नव्हे काय?

इंदूरच्या मतदारापुढचा प्रश्न

आमच्या इंदुराचेच उदाहरण घेऊ. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदुरात आली, नगरपालिकेच्या राजकारणातून पुढे आली आणि १९८९ साली लोकसभेला उभी राहिली. समोर होते प्रकाशचंद्र सेठी : राज्याचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. मतदारांनी सेठींना घरी बसविले. कोणत्याही मर्यादेच्या कायद्यावाचून एका बड्या आसनस्थाची मुदत मतदाराने संपविली. त्यानंतर सुमित्राताई महाजन लागोपाठ आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ पासून २०१९ पर्यंत लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. 'ताई' एवढे म्हटले की इंदुरात पुढचे नाव सांगावे लागत नाही. त्यांचे राजकारण कुणाला पटो वा न पटो. त्या तीस वर्षांत दर निवडणुकीला इंदूरच्या मतदाराला 'नाही' म्हणण्याची संधी होती, आणि त्याने 'हो' म्हटले.

त्यांची कारकीर्द संपली कशी, हेही पाहावे. घटनेने संपविली नाही, मतदारानेही नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये पक्षाचा उमेदवार ठरेना, तेव्हा या अनिश्चिततेचा उल्लेख करणारे जाहीर पत्र काढून त्यांनी आपण लढणार नसल्याचे कळविले. म्हणजे दाराची किल्ली तेव्हाही उमेदवारी देणाऱ्यांच्याच हाती होती.

आणि नवे चेहरे आल्यावर? २०२४ च्या निवडणुकीत अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, २९ एप्रिलला, प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली. उमेदवार इतरही होते; पण खरी लढत उरली नाही. त्या निवडणुकीत इंदुरात २,१८,६७४ मतदारांनी 'नोटा'चे, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबले. त्याच वर्षी सुरतेत तर उमेदवार बिनविरोध निवडून आला; मतदान झालेच नाही. या दोन्ही ठिकाणी मुदतीच्या मर्यादेने काय साधले असते? मतदाराची तक्रार तोच तो चेहरा ही नव्हती. निवडावयास कुणी नाही, ही होती.

म्हणून सुधारणा करावयाची तर ती दारापाशी आणि सभागृहात करावी. त्यासाठी नव्याने डोके खाजविण्याचीही गरज नाही. आपल्याच समित्यांनी सांगून ठेवले आहे. दिनेश गोस्वामी समितीने १९९० साली सुचविले, की पक्षादेश मोडल्यास सभासदत्व जाण्याची तरतूद विश्वास-अविश्वासाचे ठराव, अर्थविधेयके अशा मोजक्या प्रसंगांपुरती ठेवावी. विधी आयोगाच्या १९९९ सालच्या १७० व्या अहवालाने पक्षांच्या अंतर्गत कारभारात लोकशाही हवी, असा आग्रह धरला. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ साली लोकसभेने वर्षाला किमान १२० आणि राज्यसभेने किमान १०० दिवस बसावे, अशी शिफारस केली. यांतली एकही गोष्ट 'दोन वेळा बस झाले' या घोषणेइतकी सुटसुटीत नाही. म्हणूनच त्यांच्यावर वादविवाद स्पर्धा होत नाहीत आणि टाळ्याही पडत नाहीत.

मग मर्यादा कुठेच नको?

असे मी म्हणत नाही. जिथे अधिकार एका हाती एकवटतो आणि निवडणूक नावापुरती असते, तिथे मर्यादा हवीच. अमेरिकेने १९५१ साली राष्ट्राध्यक्षाला दोनच वेळा निवडून येण्याची मर्यादा घातली, ती याच विचाराने. आपल्याकडे २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेने क्रीडा महासंघांच्या अध्यक्षपदाला १२ वर्षांची मर्यादा घातली. सहकारी बँकांच्या संचालकांना २०२० च्या कायद्याने सलग आठ वर्षांची मर्यादा लागू झाली, ती २०२५ मध्ये दहा वर्षांची झाली. अशा संस्थांत मतदार मोजके, ओळखीचे, भिडस्त. विरोधात उभे राहणे म्हणजे भांडण मानले जाते. मतदार जिथे 'नाही' म्हणू शकत नाही, तिथे ते काम नियमाने करावे लागते.

तरीही एक सावधगिरी हवी. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या आणि त्या आळीपाळीने फिरविण्याची सोय केली. त्यामुळे ज्यांच्यासाठी कुणीही दार उघडले नसते अशा हजारो स्त्रिया आत आल्या, हे त्या दुरुस्तीचे मोठेच पुण्य. पण जागा दर निवडणुकीला फिरली की ती नकळत एकाच मुदतीची मर्यादाही होते. मी एका खेड्यातील शाळेत असताना तिथल्या सरपंचबाई पहिली दोन वर्षे यजमानांच्या मागे बसत. तिसऱ्या वर्षी त्या कागद स्वतः वाचू लागल्या, चौथ्या वर्षी शाळेच्या कुंपणभिंतीच्या अंदाजपत्रकातली चूक त्यांनीच दाखविली. पाचव्या वर्षानंतर आरक्षण बदलले, बाई घरी बसल्या आणि भिंत तीन बाजूंनीच राहिली. नवा माणूस आणताना जुन्याचे शहाणपण वाया जाणार नाही, याचीही सोय करावी लागते.

शेवटी ज्या मुलीपासून आरंभ केला तिच्याकडे परत येतो. प्रमाणपत्र घेताना ती सहज म्हणाली, "सर, आजोबा सांगतात की मी जन्मले त्याच्या आधीपासून तुम्हीच वाचनालयाचे कार्यवाह आहात." तिच्या बोलण्यात कुठेही खोच नव्हती, असलेच तर कौतुक होते. मी हसलो. रात्री मात्र वाचनालयाचे इतिवृत्त काढून बसलो. सतरा वर्षांत जितक्या निवडणुका झाल्या, तितक्या वेळा माझ्या नावापुढे एकच शब्द होता : 'बिनविरोध.' तो प्रत्येक वेळी माझ्याच अक्षरात होता, आणि लिहिताना मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही आठवले. आमच्या कार्यकारिणीतील सर्वांत तरुण सभासदाचे वय बावन्न आहे. मला कुणी विरोध केला नाही, हे खरे. पण या सतरा वर्षांत आम्ही कुणाला उभे राहाल का, म्हणून विचारले तरी होते का?

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. कोणत्याही पदाधिकाऱ्याने सलग सहा वर्षांहून अधिक काळ एका पदावर राहू नये. पायउतार झालेल्याने पुढचे एक वर्ष नव्या माणसाला हिशेब, दप्तर आणि पुस्तकखरेदी समजावून द्यावी. आणि प्रत्येक पदासाठी निदान दोघांना विचारल्यावाचून 'बिनविरोध' हा शब्द इतिवृत्तात लिहू नये. ठराव संमत होवो वा न होवो, कार्यवाहपदासाठी माझा अर्ज या वेळी असणार नाही.

दिल्लीची सुधारणा माझ्या हाती नाही. तिथे एक मत एवढाच माझा वाटा आहे. वाचनालयाच्या दाराची किल्ली मात्र सतरा वर्षे माझ्याच खिशात आहे.